जल, तरु, तृण, काष्ठ आणि आम्ही

खरेदीखतं लिहिणाऱ्या माणसांच्या पोटात एखादा कवी उपाशी राहिलेला असावा, अशी माझी जुनी शंका आहे. एरवी ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ यांच्यामध्ये पानंच्या पानं कोरडा चालणारा मजकूर मिळकतीच्या वर्णनापाशी आला की एकदम सुरात येतो. पूर्वेस सार्वजनिक रस्ता, दक्षिणेस शेजारची मिळकत, पश्चिमेस बोळ, उत्तरेस देवळाची भिंत, अशा चतुःसीमा आखून झाल्या की पुढे ओळ येते: त्यातील जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. ही ओळ आजची नव्हे. पेशवाईतल्या इनामपत्रांतही ती याच लयीत भेटते. राज्यं गेली, मोडी गेली, मुद्रांक कागदावरून संगणकात गेला. ही ओळ मात्र आपली जागा सोडायला तयार नाही. जागा न सोडण्याच्या बाबतीत तिचं आणि आमचं बरंच जमावं.

नारायण पेठेतला आमचा वाडा विकला गेला, तेव्हा त्या खताची झेरॉक्स प्रत बिऱ्हाडाबिऱ्हाडातून फिरली आणि जो तो तिच्यात स्वतःला शोधू लागला. जल म्हणजे चौकातली विहीर, जिच्यावर लोखंडी जाळी आली त्यालाही आता जमाना झाला. तरु म्हणजे पारिजातक. तृण म्हणजे फरशांच्या फटींतून श्रावणात डोकं काढतं ते. काष्ठ म्हणजे जिना, खांब आणि त्यांच्या आत सुखानं नांदणारी वाळवी. पाषाण म्हणजे घडीव दगडाचं जोतं. निधी कोणाला सापडल्याचं ऐकिवात नाही. तरी प्रत्येक पिढीत एका तरी भाडेकरूनं रात्री सगळे निजल्यावर माजघरातली फरशी ठोकून पाहिलेली आहे. या यादीत आम्ही कुठे बसतो, हा प्रश्न होता. पाषाण म्हणावं तर इतके जुने नाही, तृण म्हणावं तर इतके विनम्र नाही. शेवटी खूप पुढच्या एका पानावर आम्ही सापडलो: सदर मिळकत भाडेकरूव्याप्त असून भाडेकरूंच्या ताब्याची लिहून घेणार यांना पूर्ण कल्पना आहे. सोयरीक ठरताना मुलीच्या तापट स्वभावाबद्दल वरपक्षाकडून आधीच वदवून घ्यावं, तसं ते वाक्य होतं. त्यात आमचा गौरव होता की आमच्याबद्दलचा इशारा, यावर माडीवरच्या मास्तरांनी आणि मी एक अख्खी संध्याकाळ घालवली.

तात्या, म्हणजे आमचे मालक, हे आमच्या आयुष्यातलं आद्य दुःख होतं. वाड्यातल्या मुलांना बाराखडीच्या आधी ‘तात्या काही करत नाहीत’ हे वाक्य येत असे. कौलं गळतात, तात्या काही करत नाहीत. जिन्याची तिसरी पायरी हलते, तात्या काही करत नाहीत. नळाला धार नाही, संडासाचं दार लागत नाही, पुण्याला मेट्रो येते पण जिन्यात दिवा येत नाही. घरातल्या माणसांचं एकमेकांशी बिनसलं तरी तात्यांना नावं ठेवण्यावर एकमत होऊन जेवणं गोडीत उरकत. सासू-सुनांमधले किती अबोले तात्यांच्या नावावर सुटले असतील, याची गणती नाही. आणि हेच तात्या, वाडा विकल्याची बातमी पक्की झाली त्या संध्याकाळी, चौकात जमलेल्या बैठकीत देवमाणूस ठरले. कोणाला त्यांनी मुंजीला ओसरी मोकळी करून दिल्याचं आठवलं, कोणाला बाळंतपणाच्या रात्री स्वतः टांगा आणल्याचं. मास्तर तर म्हणाले, ‘गळलं तरी छप्पर तात्यांचं होतं.’ मास्तरांनी गळतीपायी सात महिन्यांचं भाडं अडवून धरलेलं होतं, हे त्या वेळी कोणी काढलं नाही.

कायद्यानं पाहिलं तर मालक बदलल्यानं काहीच होत नाही. मालमत्ता हस्तांतरणाच्या 1882 सालच्या कायद्यातलं 109 वं कलम शांतपणे सांगतं की घर विकत घेणारा जुन्या मालकाच्या हक्कांच्या जोड्यांत पाय घालतो. त्यातले खिळेही मग त्यालाच टोचायचे. खोली तीच, भाडं तेच. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्रात लागू असलेल्या भाडे नियंत्रण कायद्यानं मालकाला वर्षाला चार टक्के वाढ दिली आहे. आमच्या साडेसव्वीस रुपयांवर ती पहिल्या वर्षी एक रुपया सहा पैसे झाली असती, पण ते सहा पैसे कसे द्यायचे यावर तात्या आणि माझे वडील यांच्यात गंभीर चर्चाच होत राहिली. भाडं भरत राहणाऱ्या माणसाला नवा मालक केवळ आपण नवे आहोत म्हणून बाहेर काढू शकत नाही; त्यालाही जुन्याच मोजक्या कारणांपैकी एक कारण घेऊन कोर्टाची पायरी चढावी लागते.

त्याच 109 व्या कलमात एक मायेची ओळही आहे. विक्री झाल्याची खबर नसताना भाडेकरूनं भाबडेपणानं जुन्या मालकाच्याच हाती भाडं ठेवलं, तर ते त्याला दुसऱ्यांदा द्यावं लागत नाही. भाबडेपणाला कायद्यात जागा आहे, हे वाचून मला बरं वाटलं; पण आमच्या वाड्यात त्याचा उपयोग नव्हता. तात्यांकडे कोण आलं, चहात आलं होतं की वेलदोडा, यावरून पाहुण्याचं वजन ठरवणारी माणसं इथे राहतात. खरेदीचा आकडा तात्यांच्या मुलाला कळायच्या आधी मास्तरांच्या पत्नीला कळला होता, असं म्हणतात.

इंग्लंडात एके काळी याहून गमतीची रीत होती. जमीन विकली तरी तिच्यावरचं कूळ जोवर नव्या धन्याला ‘तुम्ही माझे मालक’ असं कबूल करत नसे, तोवर व्यवहार पुरा होत नसे. 1705 साली तिथल्या पार्लमेंटनं ही अट काढून टाकली. मला त्याची हळहळ वाटते. ती रीत पुण्यात आली असती तर कसब्यापासून सदाशिवापर्यंत एकही वाडा कधी विकला गेला नसता, कारण कबुलीच्या सभेत आधी सभेच्या अध्यक्षावरूनच तीन वर्षं गेली असती. रोमन लोक दुसऱ्या टोकाला होते. त्यांच्याकडे विकत घेणाऱ्यावर जुन्या भाडेकराराचं बंधन नसे. जर्मनांनी मात्र विक्रीनं भाडेकरार मोडत नाही हे तत्त्व आपल्या दिवाणी संहितेत पक्कं बसवलं. आपण या बाबतीत जर्मनांच्या बाजूचे.

मालक बदलण्याची आपल्याकडची सर्वांत मोठी गोष्ट अर्थातच मुंबईची. 1661 साली पोर्तुगालच्या राजकन्येचं, कॅथरीनचं, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं आणि हुंड्यात मुंबई बेट लिहून दिलं गेलं. जल, तरु, तृण सगळं आलं. मासे आले, ताडमाड आले, कोळीवाडे आले. वाटाघाटीत कोळ्यांना अर्थातच पाट मांडलेला नव्हता. कागद झाला, ताबा काही मिळेना. 1662 साली अब्राहम शिपमन शिपाई घेऊन ताबा घ्यायला आला, तर गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनं कागदपत्रांत खोट काढली. जागा रिकामी करायची नसेल तर आधी कागदाला नाव ठेवावं, ही युक्ती आपल्याकडे कुठून आली याचा उलगडा मला तिथे झाला. बिचारा शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत बसला आणि तापानं तिथेच गेला. त्याच्याबरोबरची बहुतेक माणसंही गेली. 1665 च्या फेब्रुवारीत त्याच्या हाताखालच्या हम्फ्री कुकला ताबा मिळाला. एवढं करून चार्ल्सला त्या मिळकतीचं काय करावं ते कळेना. 1668 साली त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला भाड्यानं दिली, वर्षाला दहा पौंडांनी. पुढे मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या भाडी गोठून राहिली, तर त्या मातीला तशी सवयच होती म्हणायचं.

आमचं भाडं गोठण्याचीही एक तारीख होती: 1 सप्टेंबर 1940. मुंबई इलाख्याच्या 1947 सालच्या भाडे कायद्यानं त्या दिवशीचं भाडं हे प्रमाण मानलं. युद्ध, फाळणी, महागाई, लोंढे, यांतून माणसांच्या डोक्यावरचं छप्पर राखायला तो कायदा होता आणि त्यानं ते राखलं. आमच्यासारख्यांची लग्नंकार्यं, शिक्षणं, म्हातारपणं त्या तारखेच्या आडोशाला झाली. पण तारीख थांबली तरी कौलांचे भाव थांबले नाहीत. साडेसव्वीस रुपयांत आज एक मंगलोरी कौलही धड येत नाही. ते चढवणारा गवंडी तर त्या पैशांत चहाला येईल. 1997 साली सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. म्हणजे तात्या काही करत नव्हते हे खरं, आणि तात्यांना काही करता येण्यासारखं नव्हतं हेही खरं. या दोन खऱ्या गोष्टींच्या मधल्या जागेत आमचा वाडा पाऊणशे वर्षं उभा होता. त्या जागेत पाणी गळत असे.

भाड्याच्या पावतीची गोष्ट सांगायलाच हवी. खोली आजोबांनी घेतली. ते 1974 साली गेले, पण पावती त्यांच्याच नावावर राहिली. नाव बदलायला जाऊ तर मालक काहीतरी काढेल, अशी एक भीती प्रत्येक भाडेकरूच्या घरात देवघराशेजारी ठेवलेली असते. कायद्यानं तशी भीती नको. भाडेकरूच्या मागे त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाला भाडेकरूपण मिळतं. तरीही आजोबा दरमहा भाडं भरत राहिले. दुसऱ्या बाजूला तात्यांनीही पावतीपुस्तकं वडिलांच्या वेळचीच वापरली. एकदम छापून घेतली की स्वस्त पडतात म्हणून थोरल्या मालकांनी ती इतकी छापून ठेवली होती की तात्यांची हयात संपली असती, पुस्तकं संपली नसती. त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक दिवंगत भाडेकरू एका दिवंगत मालकाला साडेसव्वीस रुपये देई आणि रीतसर पावती घेई. आम्ही आणि तात्या फक्त त्यांचे हरकामे. ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसून तात्या अंगठा जिभेला लावून नोटा मोजत, कार्बन सरळ करत, आणि आजोबांचं नाव वळणदार अक्षरात लिहीत. त्या वेळी कोणी तक्रार काढायची नाही असा अलिखित नियम होता. तक्रार पावती फाडल्यावर.

तात्यांनी एकदा मास्तरांवर दावाही लावला होता. मुलाचं लग्न ठरलं, माडीवरच्या खोल्या स्वतःला हव्यात, असं कारण. आता या कारणाची गंमत अशी की मालकाची गरज खरी आहे एवढं सिद्ध होऊन भागत नाही; खोली दिल्यानं भाडेकरूला जास्त त्रास होईल की न मिळाल्यानं मालकाला, तेही न्यायाधीशांना तोलून पाहावं लागतं. त्यामुळे असा दावा म्हणजे दोन कुटुंबांमधली दुःखाची जाहीर स्पर्धा असते. तात्यांच्या वकिलानं तात्यांचा दमा मांडला की मास्तरांच्या वकिलानं मास्तरांचे गुडघे काढावेत. तिकडून अविवाहित बहीण आली की इकडून विधवा आत्या. तारखेच्या दिवशी दोघंही एकाच पीएमटीनं शिवाजीनगरला जात, कारण दुसरी बस अर्ध्या तासानं होती, आणि तात्यांना धाप लागली की जागा मास्तर धरत. या स्पर्धेचा निकाल लागायच्या आत लग्न झालं, मुलगा पिंपरीला राहायला गेला, आणि दावा कसा मिटला ते आता दोघांनाही नीट सांगता येत नाही. राहिली ती एकमेकांच्या आजारांची सविस्तर माहिती. पुढे मास्तरांना हृदयाचा त्रास झाला तेव्हा डॉक्टरांना मागचा सगळा इतिहास तात्यांनी तोंडपाठ सांगितला. प्रतिज्ञापत्रावर वाचलेला होता.

तात्यांनी तरी का विकलं? भावंडांच्या वाटण्या. भिंती पाच जणांच्या, उत्पन्न पाच जणांचा एक वेळचा चहा निघेल एवढं. त्यात कोणी अमेरिकेत, कोणी सांगलीत. कोणालाही खलनायक करून गोष्ट सांगता येत नाही, हीच तिची अडचण.

नवे मालक म्हणजे माणूस नव्हता, भागीदारी संस्था होती. तिच्या वतीनं एक तरुण आला. अत्यंत सभ्य. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी ‘काका’ म्हणणारा, चपला दाराबाहेर काढणारा. त्याला भांडायला काही निमित्तच ठेवलेलं नव्हतं. त्याच्याकडे भिंतीवर लाल ठिपका टाकून अंतर मोजणारं यंत्र होतं. एका कोपऱ्यात उभं राहून कळ दाबली की समोरच्या भिंतीपर्यंतचे मीटर तो पुटपुटे. आमच्या खोलीची लांबी घेताना तो ठिपका समोरच्या आजीच्या तसबिरीवर पडला, नेमका कपाळावर. फोटो आजोबा गेल्यानंतरचा. क्षणभर आजी कुंकू लावल्यासारखी दिसली आणि आई हातातलं तांदळाचं ताट घेऊन तशीच उभी राहिली. ‘चार पूर्णांक एक, काका,’ तरुण म्हणाला आणि ठिपका विझवला.

मग त्यानं कागद मागितले. आधार कार्ड, लाईट बिल, जुन्या पावत्या. आपण जिथे राहतो तिथे राहतो, हे सिद्ध करण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. इतकी वर्षं त्याचा पुरावा म्हणजे तात्या होते. माझा जन्म कोणत्या खोलीत झाला, आत्याला मागणी आली तेव्हा पाहुणे कुठल्या सतरंजीवर बसले होते, पारिजातकाखाली कोणी कोणाला चिठ्ठी दिली, हे सगळं तात्यांच्या डोक्यात होतं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटून पाणी पेठांत घुसलं, तेव्हा त्यांचे वडील आणि माझे आजोबा एकाच माळ्यावर बसून होते आणि मालकानं भाडेकरूला तपकीर दिली होती, हेही. खालच्या खोलीच्या भिंतीवर त्या पुराची रेघ अजून दाखवतात. ती खरी पुराची की नंतरच्या ओलीची, यावर वाद आहे. पण वाद घालणारी दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक विक्रीबरोबर गेलं. तरुणानं रेघेचा फोटो काढला. भिंतीला ओल, असं त्याखाली लिहिलं.

‘पावतीवर नाव आहे ते काका कोण?’

‘माझे आजोबा.’

‘त्यांची एक सही लागेल.’

‘ते 1974 मध्ये वारले.’

तो थोडा थबकला. ‘सॉरी, काका,’ म्हणाला, जणू घटना कालची आहे. आणि खरं तर होतीच. पुढच्या महिन्यात नवी पावती आली. पावती म्हणजे फोनवर उतरलेली एक चौकट, तिच्यात माझं नाव. भाडं आता क्यूआर कोडवर जातं. मास्तरांचा नातू माडीवरून खाली न उतरता दोन्ही बिऱ्हाडांचं भरून टाकतो. रक्कम तीच, कायदा म्हणाला होता तसं काहीच बदललेलं नाही. फक्त आजोबा भाडं भरायचे थांबले. आईनं त्या दिवशी काही कारण नसताना शिरा केला.

क्यूआर कोडापाशी तक्रार सांगता येत नाही, ही गोष्ट हळूहळू अंगावर आली. एक क्रमांक दिलेला आहे. त्यावर कळवलं की लगेच उत्तर येतं, तक्रार नोंदली गेल्याचं, आभारासह. तात्यांनी आयुष्यात कधी आभार मानले नाहीत. ते म्हणायचे, ‘तुमचं गळतंय ते दिसतं, माझ्या डोक्यावर काय चांदीचं छत आहे?’ या वाक्यानं छप्पर दुरुस्त होत नसे, पण आपल्याबरोबर आणखी कोणीतरी भिजतंय एवढं कळत असे. खरेदीखतानं तात्यांचे सगळे हक्क दिले, सगळ्या जबाबदाऱ्या दिल्या. आमची भांडणं मात्र कोणत्याच परिशिष्टात घातलेली नव्हती. ती बेवारशी होऊन चौकात पडून राहिली. नव्या मालकाशी नव्यानं भांडण उभं करायचं तर निदान दोन पिढ्या हव्यात, आणि पुनर्विकासाचा नकाशा बघता तेवढा अवकाश वाड्याला मिळेलसं दिसत नाही.

मास्तरांनी मध्यंतरी एक कात्रण दाखवलं. मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी 1986 साली कायद्यात असं कलम आलं की सत्तर टक्के रहिवाशांनी एकत्र येऊन संस्था केली, तर महिन्याच्या भाड्याच्या शंभर पटीत इमारत त्यांच्याकडे येऊ शकते. त्यावरून मालकांची संघटना कोर्टात गेली आणि खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती मानायची की नाही, हा त्यातला एक प्रश्न थेट नऊ न्यायमूर्तींपुढे पोहोचून 5 नोव्हेंबर 2024 ला निकाली निघाला: सगळीच मानता येणार नाही. मास्तरांना निकालात रस नव्हता. त्यांनी कात्रणाच्या समासात पेन्सिलीनं साडेसव्वीस गुणिले शंभर केलं होतं. दोन हजार सहाशे पन्नास. आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत राहिलो. मला एकदम भीती वाटली. आपणच मालक झालो असतो तर कौलं गळताना नाव कोणाला ठेवलं असतं? सहकारी गृहरचना संस्थांमध्ये लोक सेक्रेटरीला ठेवतात म्हणतात, पण तो सवडीनं निवडलेला. त्याच्यात ती वंशपरंपरागत चव कुठून येणार?

तात्या आता कोथरूडला राहतात, लिफ्टच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर. वाटण्या होऊन जे हाती आलं त्यात आपला फ्लॅट बसेना, म्हणून भाड्यानं. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स. घरमालक बंगळूरला असतो आणि फोन उचलत नाही. मास्तर आणि मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा दार उघडताच तात्यांनी आम्हाला मोरीतला गळका नळ दाखवला. ‘तीनदा सांगितलं. मालक काही करत नाही.’ मास्तरांनी नळाकडे तज्ज्ञाच्या नजरेनं पाहिलं आणि मान हलवली. ‘तात्या, तुम्ही साधे लायसन्सी. भाडेकरूचं संरक्षण तुम्हाला नाही. मुदत संपली की पिशव्या भरायच्या.’ हे सांगताना त्यांच्या आवाजात जी हळवी बढती होती, तिचा आस्वाद घेत ते थोडा वेळ गप्प राहिले.

मग त्यांनी खिशातून वीस रुपये काढले. 109 व्या कलमाची एक बाजू अशी की विक्रीच्या आधीचं थकलेलं भाडं, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, नव्या मालकाकडे जात नाही. ते जुन्याचंच राहतं. वाड्यातले आम्ही सगळे नियमानं भाडं भरणारे तात्यांपासून कायद्यानं कायमचे सुटलो. मास्तर तेवढे सुटलेले नाहीत. ती सात महिन्यांची थकबाकी त्यांच्याकडे तात्यांची म्हणून शाबूत आहे, आणि ते ती वीस-वीस रुपयांनी फेडतात. एकदम का देत नाही, असं मी बसमध्ये विचारलं होतं. मास्तरांनी मुदतीचा कायदा सांगितला: थकलेलं भाडं तीन वर्षांच्या आत मागावं लागतं, नाहीतर दावा बाद. पण त्याआधी थोडी रक्कम भरली आणि भरणाऱ्यानं स्वतःच्या हातानं तसं लिहून दिलं, की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. मास्तरांच्या कोष्टकाप्रमाणे दोघांचंही आयुष्य पुरेल इतकी रक्कम अजून बाकी होती.

तात्यांनी कपाटातून थोरल्या मालकांचं पावतीपुस्तक काढलं. वाडा गेला, पुस्तकं त्यांनी बरोबर आणली होती. कार्बन सरळ केला, वीस रुपये लिहिले, मागे मास्तरांना त्यांच्या अक्षरात लिहायला लावलं, पावती फाडली. पावती फाडून झाल्यावर मास्तर खाकरले.

‘बाकीचे कौलं शाकारल्याशिवाय देणार नाही, सांगून ठेवतो.’

‘यंदा गळलं का हो?’ तात्यांनी चष्मा काढून विचारलं.

‘न गळायला काय झालं?’

‘त्याच जागी?’

‘खाटेच्या बरोब्बर वर.’

‘वाटलंच मला,’ तात्या म्हणाले, आणि आत वळून त्यांनी आणखी एकदा चहा टाकायला सांगितला, आलं घालून.